ओरछ्याची गिधाडं आणि प्रार्थनेतला ‘नकळत’



आपण रोज सायंप्रार्थनेच्या शेवटी हात जोडून म्हणतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. म्हणतो आणि आरतीचं ताट फिरवायला उठतो. ‘कळत’ काय चुकलं ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. पण ‘नकळत’ या शब्दाखाली आपण नक्की काय ठेवतो, हा प्रश्न आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळात गेल्या पौषात उभा राहिला आणि अजून पुरता बसलेला नाही. तो सगळ्या केंद्रांपर्यंत जावा म्हणून हे लिहितो आहोत. जरा लांबलं आहे, सवडीने वाचावं.

पौषात आमची चाळीसेक मंडळी बस करून ओरछ्याला गेली होती. झाशीच्या पुढे, बेतवेच्या काठी हे गाव. तिथे राम राजवाड्यात बसतो आणि राजा म्हणून बसतो. पोलिसांची सशस्त्र मानवंदना त्याला रोज मिळते. रामराजाचं दर्शन आदल्या संध्याकाळी झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुडकुडत नदीवर गेलो. बुंदेल्या राजांच्या छत्र्या तिथे काठाला लागून उभ्या आहेत, दगडी आणि चांगल्या उंच. आमच्यातल्या एका ताईंचा नातू, नऊ-दहा वर्षांचा, वर बघून ओरडला, “आजी, वर कुणीतरी शाल पांघरून बसलंय!”

गिधाडं होती ती. लांब चोचीची, ज्यांना भारतीय गिधाड म्हणतात. खांदे वर काढून, मान आत ओढून कोनाड्यांत बसलेली, अगदी थंडीत शाल गुंडाळलेल्या म्हाताऱ्यांसारखी. खालच्या दगडावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ आले होते. आम्ही सात मोजली. एका कोनाड्यात काहीतरी हलत होतं, पिल्लू होतं की काय ते खालून कळेना.

ताईंनी आधी नातवाला मागे ओढलं. घरावर गिधाड बसलं तर शांत करावी लागते, हे आपल्या सगळ्यांच्याच कानावर लहानपणी पडलेलं. मुलगा म्हणाला, “पण आजी, जटायू गिधाडच होता ना?” आदल्या रात्री मुक्कामी ताईंनीच त्याला जटायूची गोष्ट सांगितली होती. ताई हसल्या आणि त्यांनी हात जोडले. रामराजाला जोडले की त्या पक्ष्यांना, ते आम्ही विचारलं नाही.

मंडळातले एक निवृत्त मास्तर पेपर बारकाईने वाचतात. त्यांनी सांगितलं की मध्य प्रदेशात दर एक-दोन वर्षांनी गिधाडांची गणती होते. थंडीत, पहाटे, ती उडायच्या आत करतात आणि फक्त बसलेली मोजतात, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. २०१९ मध्ये ८,३९७ भरली, २०२१ मध्ये ९,४४६ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत १२,९८१. यात थंडीपुरते बाहेरून येणारे पाहुणेही आहेत हे खरं, पण आकडा चढतो आहे. पन्ना, इंदूरकरांना जवळचं गांधीसागर, आणि हे आमचं ओरछा, अशा ठिकाणी ती आता सहज दिसतात. सगळ्यांना आनंद झाला. कुणीतरी “जटायू परत आला” म्हणून ग्रुपवर फोटोही टाकला, त्याला पुष्कळ हात जोडलेले आले.

एक काका मात्र गप्प होते. ते कठड्याला टेकून वर बघत राहिले आणि बस निघायच्या वेळी त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

काकांची नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. ते कंपाउंडर होते, पण तहसिलीच्या गावात डॉक्टर महिन्यातले पंधरा दिवस जागेवर नसायचे, त्यामुळे लोक काकांनाच डॉक्टर म्हणायचे. परतताना बसमध्ये भजन झालं, चहा झाला, आणि दतिया मागे पडल्यावर काका शेजारच्याला म्हणाले, “ही गिधाडं आम्हीच मारली.” शेजारच्याला वाटलं, काका गमतीने बोलतात.

काकांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने इथे देत आहोत. नाव घालू नका एवढीच त्यांची अट.

नव्वदीच्या दशकात डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक जनावरांसाठी मिळायला लागलं. हे तेच औषध, जे आपण कंबर धरली की घेतो. स्वस्त, आणि गुण लगेच. लंगडणारा बैल संध्याकाळी उभा राहायचा, तापाने फणफणलेली म्हैस वैरणीला तोंड लावायची. काका सांगत होते, एका माणसाची एकच म्हैस, दूध विकून घर चालवणारा. म्हैस आडवी पडली होती. तो काकांच्या पायाशी बसला, “डॉक्टर साब, कछु करो.” काकांना दिसत होतं की ती वाचणार नाही. तरी त्यांनी इंजेक्शन दिलं, निदान कण्हणं तरी थांबेल म्हणून. कण्हणं थांबलं. पहाटे म्हैस गेली, आणि गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकली. त्या काळी तसंच करत. तासाभरात गिधाडं उतरायची आणि दुपारपर्यंत हाडं उरायची. वास नाही, कुत्री नाहीत, रोगराई नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल असं जबर असतं की कुजलेल्या मांसातले जंतू तिथेच मरतात.

पण हे औषध त्या पोटात मरत नाही. डायक्लोफेनॅक पोटात गेलं की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडतात, लघवीवाटे जायचा क्षार आतल्या अवयवांवर चुन्यासारखा साचतो, आणि मान खाली टाकून बसलेला पक्षी थोड्याच दिवसांत झाडावरून पडतो. औषध दिल्यानंतर दोन-चार दिवसांत जनावर मेलं तरच हे घडतं, कारण जगलेल्या जनावराच्या अंगातून ते निघून जातं. आता हे नीट बघा. बऱ्या झालेल्या जनावराला दिलेल्या सुईने एकही गिधाड मेलं नाही. मेली ती त्या सुईने, जी जाणाऱ्या जिवाला शेवटचा त्रास होऊ नये म्हणून दिली होती. काका बसमध्ये हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. “दया म्हणून दिलेलीच लागली.”

आणि लागायला फार लागलंही नाही. नंतरच्या अभ्यासात असं निघालं की माळावर पडणाऱ्या शंभर जनावरांत एकात जरी हे औषध असलं, नव्हे एकाहूनही कमी, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरतं. कारण एका जनावरावर पन्नास-पन्नास उतरतात. म्हणजे प्रत्येक कंपाउंडर खरं बोलून सांगू शकला असता की माझ्या हातून फारसं काही झालं नाही.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीत पुन्हा मोजायला गेले तर पक्षी फांद्यांवर लटकून मेलेले. सुरुवातीला वाटलं काही साथ असेल. खरं कारण २००४ साली सापडलं, तेही पाकिस्तानात. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी तिथली मेलेली गिधाडं तपासत होते. तोवर आपल्याकडे पांढऱ्या पाठीचं गिधाड जवळजवळ संपलं होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातलं एक उरलं. ओरछ्याला आम्ही पाहिलेल्या लांब चोचीच्या जातीतली शंभरातली तीनेक उरली असावीत. एके काळी या देशात गिधाडं कोटींनी होती, आणि माळावर दहा-वीस कावळे असावेत इतकी ती नेहमीची वाटायची.

पुढची गोष्ट वाचताना आम्हाला स्वतःलाच बसायला लागलं. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला. गिधाडं गेल्यावर मेलेली जनावरं माळावर आणि नदीकाठी सडत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी बिघडलं. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं पुष्कळ होती तिथे माणसांच्या मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलं. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं त्यामुळे जास्त गेली असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कुणाचं तरी मूल रेबीजने गेलं असेल. त्या घराला कधी कळणारही नाही की याची सुरुवात कुठल्यातरी म्हशीच्या कळवळ्यातून झाली.

पुढच्या गुरुवारी सत्संगानंतर हा विषय निघाला. काका स्वतः बसले होते.

बहुतेकांचं म्हणणं सरळ होतं. काका, तुमचा हेतू शुद्ध होता. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याला दोष कसला? मास्तरांनी महाभारतातले मांडव्य ऋषी आठवून दिले. चोर समजून राजाने त्यांना सुळावर चढवलं. पुढे ते यमाकडे गेले आणि विचारलं, हे मला कशाचं फळ? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य संतापले. अजाण पोराच्या चुकीला सूळ? त्यांनी यमालाच शाप दिला, तो विदुर होऊन जन्माला आला, आणि चौदा वर्षांपर्यंत केलेल्याचं पाप लागणार नाही अशी मर्यादा मांडव्यांनी घालून दिली. म्हणजे धर्माच्या हिशोबातसुद्धा न कळण्याला जागा आहे, आणि ती जागा एका ऋषीने भांडून मिळवली. हे ऐकून बरं वाटलं. काकांनाही वाटलं असावं.

मग एक मावशी, ज्या सहसा बोलत नाहीत, म्हणाल्या, “पण दशरथालाही कुठे ठाऊक होतं तो श्रावण आहे म्हणून?”

सगळे गप्प झाले. दशरथाने अंधारात घागर भरल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाण्यावर आलाय असं समजला, आणि बाण सोडला. शब्दवेधी बाण, न बघता मारायचा. तेवढंच त्याचं कौतुक. श्रावण गेला तो नकळतच. तरी त्या पोराच्या आईबापांचा शाप दशरथाला लागला, पुत्रशोकात प्राण गेला. राम वनात गेला, सीतेला रावणाने नेलं, आणि तिच्यासाठी लढताना जो म्हातारा पक्षी पंख तुटून पडला तो जटायू दशरथाचा मित्र होता. बापाच्या अंत्यसंस्काराला रामाला हजर राहता आलं नाही. जटायूचे त्याने आपल्या हाताने केले.

मावशींनी पुढे काही सांगितलं नाही. त्या वाती वळत होत्या. पण आमच्या डोक्यात तिथून दोन ‘नकळत’ वेगळे झाले. मांडव्याच्या काडीच्या वेळी कळायला मार्गच नव्हता, मूल होतं ते. दशरथाच्या बाणाच्या वेळी मार्ग होता. चार पावलं पुढे जाऊन बघायचं होतं, आणि न बघता मारण्यातच प्रौढी होती. आपण प्रार्थनेत दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतो.

काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी बसमध्ये सांगितली नव्हती.

२००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. दवाखान्यात परिपत्रक आलं. काकांनी ते वाचलं, सही केली, फाइलला लावलं. गिधाडाचं कारणही त्यात होतं. पण पशुपालक येऊन तेच मागायचे. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध चालतं, गिधाडाला त्याने काही होत नाही, हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं. पण ते महाग पडायचं आणि वेळेवर यायचं नाही. माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची मोठी बाटली मेडिकलमध्ये मिळायची. ३० मिलीची, माणसाला एवढी कधी लागतच नाही, सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणासाठी जाते. काकांनी ती वापरली. “वीस-पंचवीस वेळा असेल. दोन वर्षं. मग सोडली.” का सोडली, तर माळावर गिधाडं येईनाशी झाली होती आणि मेलेल्या गाईभोवती कुत्र्यांची झुंबड बघून एक दिवस त्यांना ते परिपत्रक आठवलं. ही पळवाट २०१५ मध्ये बुजली. माणसांची बाटलीसुद्धा ३ मिलीच्या वर करायची नाही असा नियम आला.

“पहिली दहा वर्षं मी मांडव्य,” काका म्हणाले. “ही दोन वर्षं नाही.”

कुणीतरी सांत्वनाला म्हणालं की काका, एवढ्याशा पंचवीस सुयांनी काय होतंय, आणि त्यातली जनावरं किती मेली असतील, आणि त्यांच्यावर गिधाडं आली की नाही कुणाला ठाऊक. हे सगळं खरं आहे. काकांच्या हातून एकही गिधाड मेलं नसेल, किंवा शेवटचा थवा मेला असेल. ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण असं न कळणं आपल्या सोयीचं असतं, आणि सोयीच्या न कळण्याला क्षमा मागताना जीभ जरा अडखळायला हवी, असं आमचं मत झालं. मंडळातल्या सगळ्यांचं झालं असं नाही. दोघा-तिघांना अजूनही वाटतं की म्हाताऱ्या माणसाला उगाच कुरतडत बसलो. त्यांचंही चूक नाही. काकांनी स्वतः काढलेला विषय होता, एवढंच सांगतो.

आणि मग आमच्याकडे बघायची वेळ आली.

दर वसुबारसेला आपलं मंडळ एका गोशाळेला देणगी देतं. नाव घेत नाही. चारा, पाण्याची टाकी, आणि औषधांसाठी वेगळी रक्कम. गाईवासराची पूजा करतो, पाठीवर हात फिरवतो, फोटो काढतो. काकांनी साधाच प्रश्न केला, “तिथली मेलेली गाय कुठे जाते?” आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. इतकी वर्षं जातो, जिवंत गाईला घास भरवतो, आणि गाय मरते हे जणू आमच्या हिशोबातच नव्हतं.

काका आणि मंडळातली दोन तरुण मुलं एका रविवारी तिकडे गेले. व्यवस्थापक भला माणूस आहे, त्याने कपाट उघडून दाखवलं. मेलेली गाय ठेकेदार नेतो आणि नाल्यापलीकडच्या पडीक जागेत टाकतो, असं त्यानेच सांगितलं. कपाटात डायक्लोफेनॅक नव्हतं. पण निमेस्युलाइडच्या दोन बाटल्या होत्या, एक अर्धी वापरलेली. जनावरांसाठी हे औषधही २०२४ च्या डिसेंबरअखेर बंद झालं आहे, कारण तेही गिधाडाला तसंच मारतं. त्याच्या आधी, २०२३ मध्ये, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक बंद झाली. व्यवस्थापक म्हणाला, “पुरानी पड़ी थी, काकाजी, फेंकने का मन नहीं हुआ.” पावती शोधली तर खरेदी बंदीच्या आधीची होती आणि पैसे आमच्या देणगीचे.

यात त्या माणसाचा दोष काढावा असं आम्हाला वाटत नाही. औषध फुकट जाऊ नये म्हणून ठेवणं हे आपल्या घरातल्या कुठल्याही आजीचं लक्षण आहे. पण आमच्या पैशाचा तो बाण कुठल्या आवाजावर सुटला, हे आम्ही बघितलं नव्हतं. दान देऊन मोकळं होण्याची आपल्याला इतकी सवय आहे की दिलेलं कुठे पोचलं हे विचारणं आपल्याला संशय घेतल्यासारखं वाटतं. दान दिल्यावर विसरून जावं असं आपण ऐकत आलो. दिल्याचा अभिमान विसरायला सांगितलं होतं. दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते विसरायला सांगितलं होतं, असं आम्हाला आता वाटत नाही.

चूक सुधारणं किती संथ असतं तेही या निमित्ताने समजलं. गिधाड पाचेक वर्षांचं झाल्यावर घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. दोन्ही पालक आळीपाळीने बसतात. ते एक फुटलं किंवा पिल्लू पडलं की वर्ष गेलं. पंधरा वर्षांत मोडलेलं या गतीने भरून यायला किती काळ लागेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. हरियाणात पिंजोरला, आमच्याकडे भोपाळच्या केरव्याला, हैद्राबादच्या प्राणिसंग्रहालयात, जुनागढला माणसं पिंजऱ्यात जोड्या ठेवून एकेक अंडं जपत बसली आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये केरव्याची सहा गिधाडं हलाली धरणाच्या परिसरात मोकळी सोडली. कोटींनी गेलेल्यांच्या जागी सहा! या कामातली कितीतरी माणसं आकाश पुन्हा भरलेलं बघायला नसतील, आणि त्यांना ते ठाऊक आहे. आम्हाला सेवा म्हटलं की संध्याकाळपर्यंत फळ दिसायला हवं असतं.

पांढऱ्या पाठीची जात अजून फार थोडी आहे, हेही सांगायला हवं. गणतीचा आकडा वाढला म्हणून सगळं जागेवर आलं असं नाही. मास्तरांनी ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली ते लिहिलं, तेव्हा हात जोडलेले कमी आले.

काका आता दर महिन्याला गोशाळेत जातात. कपाट बघतात, मेलॉक्सिकॅम संपत आलं की मंडळाला कळवतात, आणि ठेकेदाराशीही त्यांनी बोलणं केलं आहे. औषध चालू असताना जनावर मेलं, तर ते उघड्यावर न टाकता पुरायचं. ठेकेदार आधी हसला. पुरायला खड्डा लागतो, खड्ड्याला मजुरी लागते. ती मंडळ देणार आहे. आम्ही त्यांना विचारलं, काका, आता मन हलकं वाटतं का? म्हणाले, “मन हलकं करायला जात नाही. बाटल्या मोजायला जातो.”

तर सर्व केंद्रांना विनंती. बडोदे, इंदूर, बेळगाव, जिथे जिथे आपली मंडळी एखाद्या गोशाळेला किंवा पांजरपोळाला मदत करतात, तिथे एकदा जाऊन औषधांचं कपाट उघडून बघा. डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेस्युलाइड ही चार नावं कागदावर लिहून न्या, लेबलवर बारीक अक्षरात असतात, चष्मा विसरू नका. सापडलं तर भांडू नका, तिथल्या पशुवैद्यकांना दाखवा आणि बदली औषधाचे पैसे मंडळाने द्या. घरी गाई-म्हशी असलेल्यांनीही बघावं. आणि मेलेलं जनावर कुठे जातं, ते विचारा.

ओरछ्याला यंदा पुन्हा जायचं ठरलं आहे, मार्गशीर्षात. या वेळी मुक्काम नदीजवळ करू, कारण छत्र्यांपाशी पोचायचं तर ऊन तापण्याआधी. एकदा हवा गरम झाली की ती पंख पसरून वर चढतात आणि मग ठिपकेच दिसतात. ज्यांना यायचं त्यांनी दिवाळीपर्यंत नावं द्यावीत. दुर्बीण असेल तर आणावी, मंडळाची एकच आहे आणि ती ताईंच्या नातवाने आधीच मागून ठेवली आहे. मोजणी तो करणार आहे. त्याने वही घातली असून पहिल्या पानावर गेल्या वेळचे सात लिहून ठेवले आहेत, पुढे कोनाड्यातल्या त्या हलणाऱ्या कशासाठी तरी एक प्रश्नचिन्ह.

जय गुरुदेव.